कोरी फेरी

सोमवार, ४ जानेवारी

वहिनीने ही डायरी दिली आणि म्हणाली, "तुझी चिडचिड हिच्यात काढत जा, आमच्यावर नको." म्हणून लिहिते आहे. सहा महिने दादा-वहिनीच्या दोन खोल्यांत राहायचं आहे, तेव्हा घरमालकिणीचं ऐकलेलं बरं.

आमच्या विभागाचा नियमच तसा आहे. रसायनशास्त्रात पीएचडी हवी असेल तर प्रयोगशाळेतली वर्षं पुरत नाहीत, सहा महिने एखाद्या कारखान्यात काम करून दाखला आणावा लागतो. बाकीचे हे दुसऱ्याच वर्षी उरकून घेतात. मी टाळत टाळत शेवटावर आणलं. माझी रिॲक्शन ऐन रंगात आली होती, तिला सोडून पावडरीची पिंपं मोजायला कोण जाणार? आता प्रयोग संपलेत, पेपर छापून आलाय, फक्त प्रबंध लिहायचा उरलाय. दिवसा कारखाना, संध्याकाळी प्रबंध. माझ्या गाइड, म्हणजे आमच्या बाई, जूनअखेर निवृत्त होतात. त्याच्या आत प्रबंध दाखल व्हायलाच हवा. नाहीतर नवा गाइड शोधा, त्याची मर्जी सांभाळा, पुन्हा पहिल्यापासून सगळं.

निघताना म्हातारीला ॲप्रनच्या खिशात टाकून आणलं. म्हातारी म्हणजे माझं ढवळायचं मॅग्नेट. बोटाच्या पेराएवढी पांढरी कांडी असते, फ्लास्कमध्ये टाकली आणि खालचं मशीन चालू केलं की आत गरगर फिरत राहते. माझी फिरून फिरून करडी झालीय, म्हणून म्हातारी. पहिल्या दिवशी बाईंनी स्वतःच्या ड्रॉवरमधून काढून माझ्या हातावर ठेवली होती. "मला हिने यश दिलं, तुलाही देईल," म्हणाल्या. त्या दिवसापासून मी दुसरी वापरलेली नाही आणि हिला कोणाला हात लावू दिलेला नाही. शिकल्यासवरल्या बाईने असं वागू नये हे मला कळतं. पण आमच्या लॅबमध्ये एकजण प्रयोग चालू असेपर्यंत दाढी करत नाही, त्यापेक्षा माझं बरं.

शनिवार, ९ जानेवारी

आईने सगळ्या नातेवाइकांना "पोरगी डॉक्टर होतेय" असं सांगून ठेवलंय, त्याची फळं मी भोगते. आज मामांनी फोन करून गुडघेदुखीवर गोळी विचारली. मी म्हटलं, मामा, मी माणसांची नाही, रसायनांची डॉक्टर. ते म्हणाले, "मग रसायनच सांग एखादं."

त्यांना माझं काम कसं सांगू? दोन रेणू आहेत, ते एकमेकांना चिकटवायचे आहेत. आपणहून ते चिकटत नाहीत, मध्यस्थ लागतो. जगभर त्यासाठी पॅलेडियम नावाचा धातू वापरतात, सोन्याच्या तोडीचा महाग. बाईंची सगळी हयात त्या पॅलेडियममध्ये गेली. मी तेच लग्न एका साध्या, स्वस्त क्षाराकडून लावून दाखवलं. धातूचा कणही नाही. पेपर आला तेव्हा बाईंनी विभागात सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाल्या, "हिचा हात आहे." बाईंच्या तोंडून कौतुक म्हणजे उंबराचं फूल. निरोपाच्या व्याख्यानाला त्या हाच विषय घेणार आहेत. मला अजून आठवलं की छाती भरून येते.

कारखाना गोळ्यांना लागणाऱ्या पावडरी बनवतो. माझ्यावर ज्या बाई नेमल्यात त्यांना कामगार मागून फौजदार म्हणतात आणि समोर मॅडम. पन्नाशीच्या, आवाज बारीक, पण त्या आल्या की माणसं आपोआप हेल्मेट नीट करतात. आज मी विचारलं, नवीन माल कधी सुरू करायचा? म्हणाल्या, "आधी कोरी फेरी."

कोरी फेरी म्हणजे काय, तर रिॲक्टर, म्हणजे माल बनवायचं मोठं भांडं, धुऊन झाला की त्यात खरा माल काहीच घालायचा नाही, नुसता सॉल्व्हंट, म्हणजे ज्यात माल विरघळवतात तो द्रव, भरायचा आणि खरंच माल बनवतोय असं समजून दिवसभर तापवायचा, ढवळायचा. मग बाहेर काढून तपासायचा. त्यात काही सापडता कामा नये. काही नाही मिळवण्यासाठी अख्खा दिवस. याला पगार देतात. मी तोंडावर काही बोलले नाही, पण चेहरा लपला नसावा. फौजदार म्हणाल्या, "हसा. सगळेच हसतात पहिल्यांदा."

बुधवार, ३ फेब्रुवारी

चिमणीचा फोन. ही आमच्या लॅबमधली पहिल्या वर्षाची मुलगी, आवाजावरून नाव पडलंय. माझी रिॲक्शन पुढे नेण्याचं काम बाईंनी तिला दिलंय. म्हणते, "ताई, होतच नाहीये. तुम्ही लिहिलंय तसंच सगळं केलं, प्लेटवर ठिपकाच येत नाही."

रिॲक्शन झाली की नाही ते आम्ही काचेच्या छोट्या प्लेटवर थेंब टाकून दिव्याखाली बघतो. माल तयार झाला असेल तर निळा ठिपका उजळतो. तिची प्लेट कोरी. मी विचारलं, सॉल्व्हंट कोरडा होता का? होता. क्षार नवा उघडलास का? उघडला. तापमान? बरोबर. मग फ्लास्क ओला असेल, म्हटलं. म्हणते, "नाही हो ताई, क्षाराच्या नव्या बाटलीत काही असेल का?" घ्या. नाचता येईना अंगण वाकडं. माझ्या हातून ही रिॲक्शन झोपेतही झाली असती.

रविवार, १४ फेब्रुवारी

प्रबंधाचं दुसरं प्रकरण पुरं. वहिनी म्हणते, कारखान्याच्या गोष्टी सांगताना तुझा चेहरा फुलतो आणि प्रबंध काढलास की कडू काढा प्यायल्यासारखी दिसतेस. काहीतरीच. तिथे शिकण्यासारखं आहे तरी काय?

म्हणजे, आहे थोडं. शुक्रवारी गाळणीत माल अडकला, सगळे हातपाय गाळून बसले होते, मी तापमान हळू उतरवायला सांगितलं आणि स्फटिक मोठे होऊन माल भराभर गाळला गेला. माझ्या फ्लास्कमध्ये चिमूटभर होतं ते इथे पिंपभर होतं, ते बघायला मजा येते. एका कामगाराने माझ्यासमोर चहाचा कप ठेवला, न मागता. फौजदार म्हणाल्या, "जूनपर्यंत डॉक्टर होताय ना? जुलैत संशोधन विभागात एक जागा निघतेय. पदवी हातात हवी मात्र, ती अटच आहे." मी नुसतं बरं म्हटलं. घरी येऊन दादाला तीनदा सांगितलं.

सोमवार, १ मार्च

चिमणीचा पुन्हा फोन, जेवायच्या सुट्टीत. अजून एकदाही झालेली नाही. मी तिला आतापर्यंत इतकं समजावलंय, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी सांगून टाकलं, "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस, पण सगळ्यांचाच हात नसतो. काहीजण लिहायला चांगले असतात, काही शिकवायला. खरं काय ते लवकर कळलेलं बरं."

ती म्हणाली, "बरं, ताई." वाद नाही, रडारड नाही. शहाणी आहे, लगेच पटलं तिला.

गुरुवार, ११ मार्च

आज कोरी फेरी बिघडली. रिॲक्टरमध्ये नुसता सॉल्व्हंट, दुसरं काही नाही, आणि तरी तपासणीत काहीतरी सापडलं. अगदी थोडं. मागच्या महिन्यातल्या मालाचा अंश निघाला. तीनदा धुतलेलं भांडं. शेवटी झाकणाखालचं रबराचं कडं काढून पाहिलं. त्याला बारीक चिरा होत्या आणि चिरांत जुना माल दडून बसला होता. तापलं की सुटत होता.

फौजदारांनी सगळं थांबवलं. वरच्या साहेबांचा फोन आला, ट्रक उभा आहे, माल कधी देता? या बारीक आवाजात म्हणाल्या, "रिकामं भांडं गप्प बसायला हवं, साहेब. ते रिकामं असतानाच बोलायला लागलं, तर भरल्यावर कोण बोलतंय हे मी कसं ओळखू?" आणि फोन ठेवला. मला त्यांचं फार कौतुक वाटलं.

बसमध्ये सहज खिशात हात गेला. म्हातारीच्या अंगावरून अंगठा फिरवला. तिलाही बारीक चिरा आहेत, पूर्वी कधी लक्षात आलं नव्हतं. करड्या चिरा.

मी माझी रिॲक्शन कधी कोरी चालवलेली नाही, असं नाही. क्षार न घालता चालवली होती, पेपरसाठी ते करावंच लागतं. काही झालं नव्हतं. आठवतं मला, त्या दिवशी म्हातारी दुसऱ्या फ्लास्कमध्ये फिरत होती, म्हणून याच्यात नवं मॅग्नेट टाकलं होतं.

मंगळवार, १६ मार्च

तिसरं प्रकरण. डोकं दुखतंय. कुठल्याही लॅबमध्ये मॅग्नेटं करडी होतात. त्यात काय एवढं.

शनिवार, २७ मार्च

राहवेना. फौजदारांना विचारलं, आज दुपारी छोटी प्रयोगशाळा वापरू का, घरचं काम आहे. त्यांनी काय काम म्हणून विचारलं नाही. किल्ली दिली, आणि म्हणाल्या, "मॅग्नेटं कपाटात नवीकोरी आहेत." मी काही सांगितलं नव्हतं त्यांना. खिशातली वस्तू सारखी चाचपत असते, ते त्यांनी पाहिलं असेल.

तीन फ्लास्क लावले. पहिल्यात माझा क्षार आणि नवं मॅग्नेट. दुसऱ्यात माझा क्षार आणि म्हातारी. दुसरा झाल्यावर म्हातारीला धुतलं, आम्ही नेहमी धुतो तसंच, आणि तिसऱ्यात टाकलं. त्यात क्षार नाहीच.

पहिली प्लेट कोरी. दुसरीवर ठिपका. तिसरीवर ठिपका.

तिसरी मी पुन्हा केली. पुन्हा ठिपका. ठळक, सुंदर, निळा.

म्हणजे माझ्या क्षाराने काहीच केलं नव्हतं. लग्न म्हातारीने लावलं होतं. बाईंच्या काळातलं पॅलेडियम तिच्या चिरांत बसलंय आणि इतक्या वर्षांनीही थोडं थोडं सुटतंय. माझा शोध, माझा पेपर, माझा हात, सगळं तिचं. आणि चिमणीच्या कोऱ्या प्लेटा, एकूण एक, बरोबर होत्या. तिला नाचता येत होतं. अंगणच वाकडं होतं, आणि ते अंगण मी खिशात घालून फिरत होते.

भांडी धुतली, किल्ली दिली. फौजदारांनी तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बोललं का रिकामं भांडं?" मी मान हलवली. "वाईट असतं ते," एवढंच म्हणाल्या आणि मला फाटकापर्यंत सोडायला आल्या.

रविवार, २८ मार्च

सकाळपासून एकच विचार. हे कोणाला माहीत आहे? मला. फौजदारांना अर्धंमुर्धं, आणि त्यांचा आमच्या विद्यापीठाशी काय संबंध? म्हातारी गटारात टाकली की विषय संपला. ज्यांची रिॲक्शन पुन्हा कोणाला जमली नाही असे पेपर जगात पुष्कळ पडलेत. प्रबंध जूनमध्ये जाईल, जुलैत नोकरी, बाईंचं व्याख्यान थाटात होईल. सांगितलं तर यातलं एकही होणार नाही. आणि बाईंना काय सांगू, तुम्ही प्रेमाने दिलेल्या वस्तूनेच घात केला म्हणून? निवृत्तीच्या तोंडावर? मला ते जमणार नाही. खरंच जमणार नाही.

वहिनीने न विचारता डोक्याला तेल लावून दिलं. मी रडले. ती म्हणाली, "कामाचं काही असेल तर मला कळणार नाही, पण ऐकते." मी तिला सगळं सांगितलं. तिला कळलं सगळं. म्हणाली, "मग ती चिमणी काय करतेय आता?"

मी म्हटलं, काय करणार, असेल तिकडे.

संध्याकाळी बाईंचा फोन. "चिमणी सोडून चाललीय. एक तारखेपासून येत नाही म्हणते. कारण विचारलं तर म्हणते, माझा हात नाही. कोणी भरवलं हे तिच्या डोक्यात? तू काही बोललीस का?"

मी म्हणाले, "बाई, तिला थांबवा. मी येत्या रविवारी येते."

रविवार, ४ एप्रिल

सुट्टीची लॅब, बाई आणि मी. सांगताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, बेसिनच्या नळाकडे पाहत बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "लाव. माझ्यासमोर लाव."

पुन्हा तेच तीन फ्लास्क. दोघी स्टुलांवर बसून राहिलो. बाईंनी डब्यातली पोळी अर्धी मला दिली. एरवी लॅबमध्ये खाल्लं तर त्या फाडून खातात. तीन प्लेटा दिव्याखाली धरल्या तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कुठलं मॅग्नेट हे?" त्यांनी विचारलं.

"असंच. कुठल्यातरी ड्रॉवरमधलं."

"तुला खोटं बोलता येत नाही, तर बोलू नये," बाई म्हणाल्या. "मी दिलंय ते. माझ्या पहिल्या पॅलेडियमच्या कामातलं. आवडतं होतं म्हणून टाकवलं नाही." मग म्हातारी चिमट्यात धरून उजेडात फिरवत राहिल्या. "पोरीला काही चांगलं द्यावं म्हणून हेच दिलं. बघ कशी मी."

मी म्हटलं, "बाई, व्याख्यानाला दुसरा विषय घ्या. पेपरचं मागाहून बघू. कोणाला घाई नाहीये."

त्या हसल्या, पण तोंड कसनुसं झालं. "म्हातारी मेल्याचं दुःख नाही गं, काळ सोकावतो." मी तिला म्हातारी म्हणते, हे त्यांना ठाऊकही नव्हतं. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

चिमणीच्या खोलीवर गेले. दार उघडलं, मला पाहून तिने आधी आपलं सामान लपवायचा प्रयत्न केला. बॅग भरून तयार होती. मी उंबऱ्यातच सांगितलं, "तुझं सगळं बरोबर होतं. माझं चुकीचं होतं." तिने मला आत घेतलं नाही. म्हणाली, "ताई, मी घरी सांगितलंय की मला जमत नाही. आई म्हणाली, असू दे. तुम्हाला माहितीये ती कसं म्हणाली ते?" मला माहीत नव्हतं. मी परत आले.

सोमवार, ३ मे

पेपर मागे घेतला. बाईंनी कारण स्पष्ट लिहिलं. फौजदारांना सांगितलं की जूनमध्ये पदवी नाही. त्यांनी वर जाऊन शब्द टाकला, पण अट ती अट, जागा दुसऱ्याला गेली. वाईट वाटलं. फार वाटलं, इथे लपवण्यात काय अर्थ. घरी आईला अजून सांगितलेलं नाही. मामांनी पुन्हा गुडघ्याचं विचारलं. मी म्हटलं, एक वर्ष थांबा.

शुक्रवार, १८ जून

बाईंचं व्याख्यान. हॉल भरलेला, मागे जुने विद्यार्थी उभे. बाईंनी विषय बदलला नाही. आमची रिॲक्शन दाखवली, माझा पेपर दाखवला, लोक माना डोलवू लागले. मग म्हणाल्या, "हे खोटं आहे," आणि पुढचं चित्र लावलं.

पडद्यावर चिमणीच्या प्लेटा होत्या. ओळीने, सगळ्या कोऱ्या, प्रत्येकीखाली तिच्या अक्षरात तारीख. बाई म्हणाल्या, "या कामातले खरे निकाल एवढेच. ज्या मुलीने हे मिळवले तिला आम्ही सांगत होतो की तुझं चुकतंय." त्या 'आम्ही' म्हणाल्या. मी खाली मान घालून बसले होते. त्यांनी मॅग्नेटची हकिकत सांगितली, स्वतःच्या ड्रॉवरपासून. टाळ्या लगेच पडल्या नाहीत. पडल्या तेव्हा खूप वेळ पडल्या.

चिमणी सर्वांत मागे दाराशी होती. बाईंनी तिला कसं आणवलं कोण जाणे. बाहेर पडताना माझ्याशी बोलली नाही, पण माझ्यासाठी दार धरून थांबली.

सोमवार, ९ ऑगस्ट

कारखान्याचा दाखला विभागात दिला. कारखान्यातून निघताना फौजदारांनी नव्या मॅग्नेटांची एक डबी हातात ठेवली. आवडती करू नका एवढंच म्हणाल्या.

बाईंना विभागाने आणखी एक वर्ष माझी गाइड राहायची परवानगी दिली. त्यांची खोली दुसऱ्यांना गेली, म्हणून त्या येतात तेव्हा आमच्यातच स्टुलावर बसतात आणि सगळ्यांना छळतात. चिमणीही जुलैपासून परत येऊ लागलीय. माझा विषय आता हाच, जुन्या भांड्या-मॅग्नेटांतून धातू किती सुटतो आणि तो कसा ओळखायचा. म्हातारी काचेच्या नळीत, चिठ्ठी लावून, पुरावा म्हणून ठेवलीय.

आज नवी मांडणी लावली. मला घाई झाली होती, चार महिने फ्लास्कला हात लागला नव्हता. मी रसायनांची बाटली उघडणार, तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून चिमणी म्हणाली, "आधी रिकामं चालवा ना, ताई." एप्रिलपासून पहिल्यांदा ताई म्हणाली.

मी बाटली बंद केली. नवा फ्लास्क, नवं मॅग्नेट, नुसता सॉल्व्हंट. दिवसभर तापवलं, ढवळलं. ती मधूनमधून येऊन बघून जात होती. संध्याकाळी प्लेट दिव्याखाली धरली, दोघींनी वाकून पाहिलं. काहीही झालं नव्हतं. चिमणी म्हणाली, "छान झालं," आणि आम्ही चहाला गेलो.